फुलांची रात्र न मोडता हरितगृहाला ऊब कशी द्यावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न उरकलं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातले फूलवाले एकमेकांना जे विचारू लागतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही जणांचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, काहींचं गच्चीवर चार पत्रे आणि प्लॅस्टिक लावून केलेलं कुंड्यांचं घर. दोघांची अडचण एकच असली तरी उत्तरं बरीच वेगळी आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आपल्याकडे हरितगृह तापवायची खरंच गरज असते का?

बहुतेक रात्री नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. मार्गशीर्ष-पौषात पहाटेचं तापमान बहुतेक वेळा १२ ते १५ अंशांच्या आसपास असतं. थंडीची लाट आली, आभाळ निरभ्र राहिलं आणि वारा पडला की ते १० च्या घरात किंवा त्याखाली उतरतं. अशा रात्री थोड्याच असतात. म्हणून दहा गुंठ्यांत जरबेरा किंवा कार्नेशन असेल, तर तापवण्याचा खर्च निघत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे आतली ऊब बाहेर जाऊ न देण्यावर पैसे घाला.

तापवण्याला अर्थ आहे तो रोपवाटिकेत, शेवंतीच्या काड्यांना मुळं फुटत असताना, ऑर्किड-अँथुरियमच्या छोट्या घरात आणि नाताळसाठी तयार होणाऱ्या पॉइन्सेटियाच्या कुंड्यांना.

कोणत्या फुलाला किती थंडी सोसते?

कार्नेशन थंडीचंच पीक आहे. रात्री १० ते १२ अंश त्याला मानवतात. त्याला त्रास होतो तो चढउताराचा. दिवसा ३० आणि रात्री ९ असं रोज होत राहिलं की कळीचा हिरवा पेला उभा फाटतो, पाकळ्या एका बाजूने बाहेर लोंबतात आणि बाजारात ते फूल दुय्यम ठरतं. जरबेरा १२ च्या खाली मंदावतो, १५-१६ ला खूश असतो. डच गुलाबाला रात्री १५-१६ हवेत. फार गारठा झाला की लाल जातींच्या पाकळ्यांच्या कडा काळपटतात. शेवंतीला कळी धरताना १६ ते १८ लागतात. अँथुरियम १५ च्या खाली जाऊ देऊ नका. अडेनियम गारठ्यात पानं टाकतं, पण खोड टणक असेल आणि पाणी तोडलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही.

हे आकडे झाडाजवळच्या हवेचे आहेत, मोबाईलवर दिसणाऱ्या तापमानाचे नव्हेत. त्या दोन्हींत तीन-चार अंशांचा फरक सहज असतो.

कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसे बल्ब लावले तर काय बिघडतं?

झाड जगेल, पण फुलेलच असं नाही.

शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो ही झाडं रात्र मोजतात. पानांत फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. लाल उजेड पडला की त्याचं रूप पालटतं आणि अंधारात ते हळूहळू मूळ रूपाकडे येतं. सलग अंधार पुरेसा लांबला तरच कळी धरायचा निरोप पानाकडून शेंड्याकडे जातो. मध्यरात्री उजेड पडला की झाडाच्या हिशेबी एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात आणि कळीचं काम थांबतं. झगझगीत उजेडच लागतो असंही नाही. पेपरचे मथळे जेमतेम वाचता येतील एवढा उजेडही पॉइन्सेटियाला गोंधळात पाडायला पुरतो.

आपल्या भागात डिसेंबरमध्ये सूर्यास्त ते सूर्योदय सुमारे पावणेतेरा तास जातात. उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवससुद्धा तेरा तासांच्या फारसा पुढे जात नाही. शेवंतीला कळीसाठी दिवस साडेतेरा तासांहून लहान लागतो, म्हणजे आपल्याकडे ती बाराही महिने कळीकडे झुकलेली असते. म्हणून तर दांडा लांब व्हावा यासाठी व्यावसायिक शेतकरी सुरुवातीचे काही आठवडे रात्री दहा ते दोन मुद्दाम बल्ब लावतात आणि मग ते बंद करतात. तुम्ही उबेसाठी लावलेला बल्ब नेमकं हेच काम करतो, फक्त चुकीच्या महिन्यात.

पुढची गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, लावलेला बल्ब रात्रभर थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद होत राहतो. ‘एकूण तासभरच तर लागला’ असं आपल्याला वाटतं. पण शेवंतीला फुलण्यापासून रोखताना वीज वाचवायची असली, की अर्ध्या तासात पाच-सहा मिनिटं उजेड देण्याचीच पद्धत वापरतात आणि ती सलग उजेडाइतकीच लागू पडते. अधूनमधून लागणारा बल्ब म्हणजे कमी त्रास, असा हिशेब इथे चालत नाही.

कार्नेशनचा स्वभाव उलटा आहे. रात्रीच्या उजेडाने ते लवकर फुलाला येतं. गुलाबाला आणि बऱ्याच अंशी जरबेराला रात्रीच्या लांबीचं फारसं देणंघेणं नसतं.

मग लाल बल्ब चालेल का? ‘नाईट’ असं लिहिलेले मिळतात.

तोच सर्वांत वाईट. फायटोक्रोमला लाल उजेडच लागतो. ते बल्ब माणसाची किंवा पाळीव प्राण्याची झोप मोडू नये म्हणून केलेले असतात, शेवंतीची नव्हे.

रात्री तापमान बघायला बॅटरी घेऊन गेलं तर?

दोन-चार मिनिटांनी काही होत नाही. रोजच जायचं असेल तर मंद हिरवा उजेड वापरा, त्याचा परिणाम लालपेक्षा बराच कमी असतो. त्याहून चांगलं म्हणजे बाहेरून वाचता येईल असा वायरवाला तापमापक लावा. शिवाय रस्त्यावरचा एलईडी दिवा प्लॅस्टिकवर पडतोय का, तेही एकदा बघून घ्या. घराच्या सोप्यात रात्रभर दिवा जळतो आणि ‘पॉइन्सेटियाची पानं लाल का होत नाहीत’ म्हणून खताला दोष दिला जातो, असं पुष्कळदा घडतं.

उजेड न पडता ऊब देणारं काय मिळतं?

छोट्या घरासाठी तेल भरलेला रेडिएटर उत्तम. तो तापतो, चकाकत नाही आणि बंद झाल्यावरही काही वेळ ऊब देत राहतो. सिरॅमिकचे उष्णता देणारे गोळे बल्बसारखे होल्डरमध्ये बसतात आणि त्यांतून उजेड अजिबात येत नाही. मात्र होल्डर चिनीमातीचाच हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. पंख्याचा हीटर हवा चांगली खेळवतो, पण त्याचा झोत थेट कळ्यांवर आला तर कडा करपतात. तो मधल्या वाटेवर, जमिनीलगत, झाडांपासून तोंड फिरवून ठेवा. लाल सळ्यांचा उघडा हीटर नको. त्याचा उजेड पडतो आणि पाण्याचा थेंब पडला की सळई तडकते.

रोपवाटिकेत सगळी हवा तापवत बसू नका. ट्रेखाली तापणारी चटई घाला. मुळाशी २० ते २२ अंश मिळाले तर वरची हवा १३-१४ असली तरी काड्या मुळं धरतात. खर्चात एवढा फरक पडतो की ज्यांना फक्त रोपं करायची आहेत त्यांनी दुसरं काही घेऊच नये.

विजेचं काम मात्र जाणत्या वायरमनकडून करून घ्या. दोन किलोवॉटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर खेचतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, जाड वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच हवाच, कारण आत सगळीकडे ओल असते. पंपाच्या कनेक्शनवर हीटर जोडू नका. ते कनेक्शन पंपापुरतं दिलेलं असतं.

कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह किंवा गॅसची शेगडी आत ठेवली तर स्वस्तात काम होईल ना?

नाही, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे.

पहिला धोका माणसाला आहे. बंद प्लॅस्टिकच्या घरात कोळसा धुमसत राहिला की कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. पहाटे शेगडी बघायला आत गेलेला गडी तिथेच कोसळू शकतो. रात्री राखणीला कुणी आत झोपत असेल, तर हा विचार डोक्यातून काढूनच टाका.

दुसरा धोका फुलांना. जळण अर्धवट जळलं की इथिलीन वायू तयार होतो. केळी, आंबा पिकवणारा हाच तो वायू. हवेच्या एक कोटी भागांत त्याचा एक भाग असला तरी कार्नेशनच्या पाकळ्या आत वळतात आणि उमललेलं फूल मिटल्यासारखं दिसतं. ऑर्किडची फुलं सुकतात, स्नॅपड्रॅगनची गळतात, कोवळ्या कळ्या पिवळ्या पडून झडतात. दोन-तीन दिवसांनी हे दिसू लागतं तेव्हा शेगडीची आठवण कुणाला राहत नाही आणि फवारणी सुरू होते. रॉकेलच्या धुरातल्या गंधकाने पानांवर करपल्यासारखे डाग पडतात ते वेगळेच.

तिसरी गोष्ट पाण्याची. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने हवेत जातं. एक लिटर रॉकेलमागे सुमारे एक लिटर. ही वाफ थंड प्लॅस्टिकवर जमते आणि कळ्यांवर ठिबकते. गारठा टळला, करडी बुरशी आली.

जाता जाता, तोडलेलं कार्नेशन ज्या खोलीत ठेवता तिथे पिकत घातलेली केळी ठेवू नका. कारण तेच, इथिलीन.

मग लाकूडफाटा वापरायचाच नाही का? तो तर आमच्याकडे घरचा आहे.

वापरा की, पण आग बाहेर ठेवा. आपल्या घरोघरी बंब होता, काही घरांत अजून आहे. तीच युक्ती इथे चालते. बंब किंवा भट्टी हरितगृहाच्या बाहेर, त्यातलं गरम पाणी पाईपमधून आत, वाफ्यांच्या किंवा बाकड्यांच्या खालून फिरवून परत बाहेर. धूर, इथिलीन, उजेड यांतलं काहीच आत येत नाही. ऊब मुळांच्या बाजूने वर चढते, कळ्यांवर झोत येत नाही. फुलांच्या झाडांसाठी याहून सौम्य पद्धत मला माहीत नाही.

घरातला बंब छोटा पडतो, त्याला दोनशे लिटरचं, वरून झाकलेलं पिंप जोडावं लागतं. ६० अंशांचं २०० लिटर पाणी ३० अंशांवर येईपर्यंत सुमारे ७ युनिट उष्णता देतं. म्हणजे दोन किलोवॉटचा हीटर साडेतीन तास चालवल्यासारखं. थंडीचा खरा जोर पहाटे चार ते सूर्योदय एवढाच असतो, त्यामुळे एक पिंप बऱ्याचदा पुरतं. घरांच्या गच्चीवर दिसतो तो दोनशे लिटरचा ट्यूबवाला सोलर असेल तर लाकूडही लागत नाही. दिवसभर तापलेलं पाणी पहाटे छोट्या पंपाने फिरवा. पाईप लोखंडी किंवा सीपीव्हीसीचा घ्या. ठिबकची लॅटरल, म्हणजे वाफ्यातली बारीक काळी नळी, गरम पाण्याने मऊ पडून सांध्यातून सुटते. आणि पाणी फिरण्याची वाट कधीही पूर्ण बंद करू नका. वाफ निघायला तोंड नसेल तर पिंप फुटतं.

हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून असतो. तेव्हा भट्टी पश्चिमेच्या बाजूला घाला आणि धुराडं छपराच्या बरंच वर न्या.

जळण कोणतं, याबद्दल दोन गोष्टी. खानापूरकडे काजूची टरफलं मिळतात. ती जोरात जळतात, पण त्यांतल्या तेलाचा धूर घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. ती वापरायचीच असतील तर धुराडं चांगलं उंच हवं आणि टरफलं हाताळताना हातमोजे. निपाणी भागात तंबाखूच्या काड्या असतात. त्या हरितगृहाजवळ न आणलेल्या बऱ्या. तंबाखूच्या वाळक्या काडीतही मोझॅकचा विषाणू टिकून राहतो आणि हातांवरून टोमॅटो, ढोबळी मिरची, पिटुनियापर्यंत पोचतो.

किती किलोवॉट लागेल, हे कसं काढायचं?

जमिनीच्या क्षेत्रफळावर जाऊ नका, प्लॅस्टिकच्या क्षेत्रफळावर जा. उष्णता जाते ती तिथूनच. एकेरी पॉलिथिनच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेरच्या प्रत्येक अंश फरकामागे, साधारण साडेसहा वॉट निघून जातात.

सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, अडीच मीटर उंच घर धरा. चार भिंती ५० चौरस मीटर, उतारासकट छप्पर सुमारे २६, एकूण ७६. बाहेर १० आणि आत १६ हवे, म्हणजे फरक ६ चा. ७६ गुणिले ६ गुणिले साडेसहा म्हणजे जवळपास तीन किलोवॉट. आतून बबलचं प्लॅस्टिक किंवा दुसरा पडदा लावला तर हेच दोनच्या आसपास येतं.

आता दहा गुंठे घ्या. भिंती आणि छप्पर मिळून सोळाशे चौरस मीटर धरले तर बासष्ट किलोवॉट होतात. तासाला बासष्ट युनिट. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा, म्हणजे पहिल्या उत्तरात मी खर्च निघत नाही असं का म्हटलं ते कळेल.

काहीच न जाळता किती ऊब राखता येते?

पुष्कळ. सर्वांत आधी फाटलेलं प्लॅस्टिक चिकटवा आणि दाराखालची फट बुजवा. बाजूचे पडदे दुपारी चार-साडेचारला, ऊन असतानाच खाली सोडा. पाचनंतर सोडणारे थंड हवाच कोंडून ठेवतात. माती सकाळी भिजवा. ओली माती दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री सोडते, कोरडी माती हे काम नीट करत नाही. संध्याकाळी पाणी दिलं तर मातीही गार होते आणि हवाही दमट.

झाडांच्या वर आडवा पडदा ओढता आला तर तो गोधडीसारखा काम करतो, तिसरा हिस्सा ते निम्मी उष्णता राखतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा पडदा महाग असतो, पण दहा गुंठेवाल्याने हीटरऐवजी त्याचाच विचार करावा. शेवंतीवाल्याला वर काळा पडदा असतोच. तो ओढला की अंधारही पुरा आणि ऊबही राहते. मात्र तो उन्हं असताना फार लवकर ओढू नका, आत भट्टी होते.

पाण्याची पिंपंही कामाची आहेत, पण त्यांच्याबद्दल फुगवून सांगितलं जातं. काळं रंगवलेलं २०० लिटरचं पिंप रात्रीत ८ अंशांनी गार झालं तर साधारण १.९ युनिट उष्णता देतं. बारा तासांवर वाटली तर ती दीडशे वॉटच्या आसपास येते. एका पिंपाने काही होत नाही. वर हिशेब केलेल्या छोट्या घरात उत्तरेच्या बाजूला सहा-आठ पिंपं, हिवाळ्यातलं दक्षिणेचं ऊन थेट पडेल अशी ठेवली, तर फरक जाणवतो.

ताजं शेण किंवा उकिरड्याचं खत आत पसरून ऊब मिळवायचा जुना उपाय करू नका. बंद घरात अमोनिया साठतो आणि पानांच्या कडा जळतात.

पहाटे आत बाहेरपेक्षाही गार लागतं. हे कसं?

तुमचा तापमापक खोटं बोलत नाही. साधं पॉलिथिन उष्णतेच्या अदृश्य किरणांना अडवत नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पानं आणि माती आपली ऊब सरळ आभाळाला देऊन टाकतात. बाहेर थोडी तरी हवा हलून वरची उबदार हवा खाली येत असते, आत ती कोंडलेली असते. म्हणून आत एक-दोन अंश कमी भरतात. पुढच्या वेळी प्लॅस्टिक बदलताना २०० मायक्रॉनचं, उष्णता रोखणारं थर्मिक घ्या.

मेणबत्तीवर मातीची कुंडी पालथी घातली तर खोली तापते, असा व्हिडिओ आहे. खरं का?

छोटी मेणबत्ती तीस-चाळीस वॉट देते. वर कुंडी ठेवली काय आणि घागर ठेवली काय, तेवढेच.

आता हीटर आहेच, तर रात्रभर २२ अंश ठेवले तर फुलं लवकर येतील ना?

उलटंच होण्याची शक्यता जास्त. पॉइन्सेटिया आणि शेवंती दोन्हींना रात्रीची फार ऊब मिळाली तर फुलणं लांबतं. फॅलेनॉप्सिस ऑर्किडला फुलांचा दांडा काढायला काही आठवडे थोडा गारवा मिळावाच लागतो. दिवसा २५-२६ च्या आत आणि रात्री १७-१८ असं राहिलं की तो दांडा काढतो. सतत उबेत ठेवलेलं ऑर्किड नुसती पानं वाढवत बसतं. रात्र दिवसापेक्षा गरम ठेवली तर दांडेही आखूड राहतात.

तेव्हा थर्मोस्टॅट पिकाला लागणाऱ्या सर्वांत कमी आकड्यावर लावा, सर्वांत जास्त नव्हे. त्याचा सेन्सर कळ्यांच्या उंचीवर, सावलीत, हीटरपासून दूर टांगा. भिंतीला टेकवलेला सेन्सर भिंतीचंच तापमान सांगतो.

हीटर लावल्यापासून करडी बुरशी वाढली. संबंध आहे का?

असू शकतो. ऊब राखायची म्हणून सगळं बंद, त्यामुळे दमटपणा वाढतो आणि पहाटे कळ्या ओल्या होतात. पडदे पूर्ण सोडण्याआधी काही मिनिटं हवा खेळू द्या, आत एक छोटा पंखा मंद फिरत ठेवा. ऊन चढू लागलं की पडदे थोडे थोडे वर घ्या, एकदम नको. छतावरचे थेंब वाफ्यात न पडता कडेला ओघळतील एवढा प्लॅस्टिकला ताण हवा.

मध्यरात्री लाईट गेली तर?

एका गार रात्रीने यांतलं कुठलंच पीक मरत नाही. आपल्याकडे दहिवर पडून सगळं करपेल अशी वेळ क्वचित. दार उघडू नका, वाफ्यावर हलकं कापड किंवा पीपीचं पांढरं आच्छादन टाका आणि सकाळी ते काढून घ्या. घाबरून शेगडी पेटवून आत नेऊ नका. लाईट परत आल्यावर हीटर सगळ्यात मोठ्या आकड्यावर फिरवायचीही गरज नाही.

आणखी कुणाला विचारता येईल?

घटप्रभेजवळ अरभावीला कित्तूर राणी चन्नम्मा उद्यानविद्या महाविद्यालय आहे. ते बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाचं. बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे. जाताना हरितगृहाची लांबी-रुंदी-उंची, प्लॅस्टिक किती जुनं आहे, आणि आठवडाभराचं पहाटे पाचचं आतलं नि बाहेरचं तापमान कागदावर लिहून न्या. बिघडलेल्या फुलाचा नुसता फोटो दाखवला तर समोरचा रोगाचंच नाव सांगणार. रात्री आत काय जळत होतं किंवा कोणता दिवा लागत होता, हे तुम्ही आपणहून सांगायला हवं.